अंगावर मासा, पोटात तारे

मित्रांनो, माझ्या अंगावरचं चित्र बघून फसू नका. मी एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. चित्रात निळं तळं आहे आणि एका माशाची शेपटी. डोकं नाही, नुसती शेपटी! म्हणून जो तो मला मासे पकडायचा खेळ समजतो. अहो, मी मासे पकडत नाही. माझ्या पोटात अख्खं आकाश आहे. एक एवढंसं यान, त्याच्यावर चाल करून येणारी शत्रूची चारशे विमानं, एक लाल ग्रह आणि शेवटी भलामोठा किल्ला. आणि अंगावर काय, तर शेपटी. हे असं कसं झालं ते आठवलं की मला आजही धडकी भरते.

माझा जन्म जपानी शोवा सन एकसष्टचा, म्हणजे तुमच्या हिशेबानं १९८६ सालचा. कारखान्यात माझ्या हिरव्या पाटीवर काळी चिप बसवली, करड्या प्लास्टिकच्या दोन कवचांत मला बंद केलं आणि तशीच बोडकी, बिनलेबलाची, खोक्यात भरली. लेबल लावायचं काम कारखान्यात होत नसे. ते होई घराघरांतून, बायकांच्या हातून. मुलं शाळेत गेली, गाद्या गच्चीच्या कठड्यावर वाळत पडल्या की बायका टेबलाशी बसत आणि लेबलं लावत.

मी आले ती ओसाकाजवळच्या नेयागावातल्या एका वसाहतीत. अठरा नंबरची इमारत, तिसरा जिना. पाच मजले, मजल्यावर समोरासमोर दोन दारं. त्यातली आठ घरं हे काम करत. माझं खोकं उतरलं दुसऱ्या मजल्यावर, नोबुएसानच्या घरी.

नोबुएसान (सान म्हणजे तुमचं ताई किंवा राव) पस्तिशीच्या होत्या. आवाज हळू, स्वभाव भिडस्त, पण बोटं काय चपळ! चिमट्यानं लेबल उचलायचं, खालची कड जुळवायची आणि अंगठा मधून बाहेर असा एकदाच फिरवायचा. ना सुरकुती, ना फुगा. खोक्यात बसून मी त्यांचा हात बघत होते आणि मनात म्हणत होते, नशीब काढलंस बाई.

माल आणून देणारे आणि घेऊन जाणारे होते कुरातासान. बारीक अंगाचे, कानामागे पेन्सिल, घड्याळाला पक्के. त्यांचा नियम एकच होता. एका घरात एकच खेळ. दोन खेळांची लेबलं एका छपराखाली येताच कामा नयेत. आणि नियम मोडून चुकीचा माल गेला तर काम त्या एका घराचं बंद होत नसे, अख्ख्या जिन्याचं बंद होई. पलीकडच्या बावीस नंबरमधल्या एका जिन्याचं काम त्याच वसंतात असं गेलं होतं. तिथल्या बायका शरद आला तरी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आता ऐका. नोबुएसानच्या समोरच्या दारात सचिए राहायची. पहिलटकरीण. डॉक्टरांनी लवकर जा म्हटलं म्हणून ती घाईघाईनं हिरोशिमाला माहेरी गेली आणि तिचं खोकं तसंच राहिलं. मासेमारीच्या खेळाच्या साठ कॅसेटी. ते खोकं परत केलं असतं तर सचिएचा वाटा दुसऱ्या कुणाला तरी गेला असता, आणि बाळ घेऊन ती परत आली की रिकाम्या हातानं बसली असती. म्हणून नोबुएसान कुणाला न सांगता ते खोकं आपल्या घरात घेऊन आल्या. टेबलाच्या उजवीकडे आम्ही ताऱ्यांच्या नव्वद, डावीकडे मासेवाल्या साठ. करड्या कवचात सगळ्या सारख्याच दिसतो आम्ही.

दोन दिवस सगळं बिनचूक चाललं. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता नोबुएसाननी मला उचललं आणि तेवढ्यात फोन वाजला. त्या मला हातात घेऊनच धावल्या.

"झाली? मुलगी? अगंबाई! तीन किलो दोनशे? आणि सचिए कशी आहे?"

फोन ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. आनंदानं हो. मग अॅप्रनला डोळे पुसले, येऊन बसल्या आणि मला खाली ठेवलं. डावीकडे.

मित्रांनो, मला वाटलं, आत्ता उचलतील. आत्ता लक्षात येईल. चिमटा खाली आला, त्यात निळं तळं होतं, त्यात हसरा मासा होता, आणि अंगठा मधून बाहेर असा एकदाच फिरला. झालं! मी सुन्न झाले. चारशे विमानांना पुरून उरणारी मी, आणि माझ्या छातीवर मासा.

पाऊण वाजता काम संपलं. तेव्हा टेबलावर दोन वस्तू उरल्या होत्या. एक बोडकी कॅसेट आणि एक लेबल. कॅसेट होती डावीकडच्या खोक्यातली आणि लेबल होतं ताऱ्यांचं. नोबुएसान त्या दोन वस्तूंकडे बघत बसल्या. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. कुरातासान तीनला येणार होते.

त्या वर धावल्या त्या थेट तिसऱ्या मजल्यावरच्या मिवाकोकडे. मिवाको सगळ्यांत तरुण, आणि डोक्यानं तल्लख. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एक चुकली हे नक्की," ती म्हणाली. "पण नोबुएसान, एक चुकलेली आपल्याला दिसली, कारण लेबल उरलं. दोघींची अदलाबदल झाली असेल तर काहीच उरणार नाही. तेव्हा साठ नाही, सगळ्या दीडशे बघायला लागतील."

"बघायच्या कशा गं? बाहेरून तर सारख्या."

"यंत्रात घालून. चालू करायची, चित्र बघायचं, बंद करायची."

यंत्र कुणाकडे? जिन्यात एकाच घरी, चौथ्या मजल्यावर कात्सुकोसानकडे. तेही मुलांचं नव्हे. त्यांचे यजमान योशिहारूसान पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला होते आणि सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच खेळत बसायचे. आत्ता ते टीव्हीच्या शेजारच्या खोलीत गाढ झोपले होते. मध्ये होतं कागदाचं सरकतं दार.

पाच मिनिटांत सातही जणी कात्सुकोसानच्या दारात जमल्या. सपाता काढल्या. तळमजल्यावरच्या त्सुरु आजींनी तेवढ्यातही सगळ्यांच्या सपाता एका रेषेत लावल्या. आजी पंचाहत्तरीच्या, त्या वर्षी जिन्याच्या प्रमुख. नोबुएसाननी त्यांच्यापुढे मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.

"सचिएचं खोकं तू घेतलंस, ते मला का नाही सांगितलंस?" आजी कडाडल्या. कुजबुजत कडाडल्या, कारण योशिहारूसान झोपले होते.

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते! मूर्ख कुठली. मुलगी झाली ना तिला? बरी आहे ना ती? मग रडतेस काय, कॅसेटी आण."

सप्टेंबरात भूकंपाच्या सरावाच्या दिवशी या बायका पाण्याच्या बादल्या हातोहात जिन्यावरून चढवत. तशाच आता उभ्या राहिल्या. दुसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत आम्ही कॅसेटी हातोहात वर जाऊ लागलो. आजींचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांना टीव्हीसमोर बसवलं. कॅसेट घालायची, बटण लावायचं आणि चित्र बघून "तारा" किंवा "मासा" म्हणायचं. मिवाको शेजारी बसून लेबलाशी पडताळून खूण करणार. कात्सुकोसान कागदी दाराला पाठ लावून पहाऱ्यावर. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद.

"असल्या डबड्यापायी पोरं अभ्यास बुडवतात," आजी पुटपुटल्या. "तारा."

"बरोबर."

"तारा. काय असतं एवढं यात? तारा."

विसावी झाली, तिसावी झाली. चाळिसाव्या कॅसेटला "तारा" आलंच नाही. मिवाकोनं बघितलं तर पडद्यावर यान इकडून तिकडे पळत होतं.

"आजी, खेळ सुरू केलात?"

"छे! अंगठा लागला चुकून."

"अजून लागतोय."

"हो हो, काढते. अगं, हा डावीकडून आला बघ मेला!"

पुढे हा अंगठा दर दहा कॅसेटींमागे एकदा चुकून लागत होता. मी हे सगळं खालच्या खोक्यात बसून ऐकत होते. वरून हाका येत होत्या, खोकी रिकामी होत होती, आणि मी मासेवाल्यांच्या खोक्यात सगळ्यांत तळाच्या रांगेत. मी ओरडत होते, अहो, मी इथे आहे! मीच ती! मला आधी घ्या! पण यंत्रात घातल्याशिवाय आम्हाला तोंड नसतं.

शेवटी माझी पाळी आली. नोबुएसानच्या हातातून निघाले, तिघींच्या हातांतून वर गेले, आजींच्या हातात पडले. त्यांनी मला खटकन आत बसवलं, बटण लावलं, आणि मी जीव ओतून माझं आकाश पडद्यावर उघडलं. लाल ग्रह, सरकते तारे, सगळं.

आणि आजी चहा पीत होत्या! नेमक्या तेव्हाच! पडद्याकडे बघितलंच नाही. माझ्या अंगावरच्या लेबलाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "मासा."

"बरोबर," मिवाको वहीतून मान वर न काढता म्हणाली.

मला उपसून बाजूला ठेवलं. बरोबर ठरलेल्यांच्या ढिगात. मित्रांनो, त्या क्षणी मला जो धक्का बसला तसा पुढे जिन्यावरून पडतानाही बसला नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी दीडशेच्या दीडशे तपासून झाल्या आणि चुकीची एकही निघाली नाही. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, कारखान्यानंच एक लेबल जास्त दिलं असेल, सोडा. एकीनं तर सुटकेचा श्वास टाकून रताळी उकडायची गोष्ट काढली.

नोबुएसान मात्र हातातली बोडकी कॅसेट सोडत नव्हत्या. "मग ही कुठली?" त्या म्हणाल्या. "हिचं लेबल कुठे गेलं?"

त्सुरु आजींनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"मी एकदोनदा पडद्याकडे बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "मासेवाल्यांच्या वेळेला. कंटाळवाणं आहे गं ते तळं. चूक माझी आहे."

आजींनी चूक कबूल केली, हे त्या जिन्यात आधी कधी घडलं नसावं, कारण सातातल्या सहा जणी "नाही हो, नाही हो" म्हणत त्यांच्यापुढे वाकायला लागल्या. वाकण्यात दोन मिनिटं गेली.

"बास!" आजी म्हणाल्या. "मासे परत आणा. आणि आवाज थोडा लावा. म्हणजे डोळा चुकला तर कान पकडेल."

"आवाज?" कात्सुकोसानची पाचावर धारण बसली. "ते उठतील! झोपेतून उठवलेलं त्यांना अजिबात चालत नाही."

"अगदी बारीक."

मासेवाल्यांचा आवाज म्हणजे एक बेडूक दोनदा डरांव करतो, बस. त्यामुळे वीस झाल्या, चाळीस झाल्या, काही अडचण आली नाही. फक्त तो बेडूक आजींना नीट ऐकू येईना. त्या दर चारपाच कॅसेटींमागे आवाजाचं चाक जरा जरा वर सरकवत होत्या. शेवटी तो बेडूक त्यांना छान ऐकू यायला लागला. आणि मग त्यांनी मला आत घातलं.

मित्रांनो, माझी सुरुवातच मुळी धोक्याच्या भोंग्यानं होते आणि लगेच एक ग्रह फुटतो. टीव्ही हादरला. पेला कलंडला. आजी पाठीवर पडल्या. कागदी दार धाडकन उघडलं आणि लांब चड्डीतले योशिहारूसान बाहेर आले.

"भूकंप! गॅस बंद करा!"

आणि काय सांगू, सातही जणींनी आधी तेच केलं! लहानपणापासूनची सवय. कात्सुकोसान गॅसकडे धावल्या, एकीनं दार उघडून अडवून धरलं, तिघी टेबलाखाली घुसल्या. मिवाकोनं उशी घेऊन आजींच्या डोक्यावर धरली. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की हलत काहीच नाही. योशिहारूसाननी आपल्या खोलीत टेबलाखालून बाहेर आलेले पाय बघितले, ढिगाऱ्यातल्या कॅसेटी बघितल्या, मग स्वतःची चड्डी बघितली.

"कात्सुको," ते म्हणाले, "मी जागा आहे का?"

पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नोबुएसान पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर तारे सरकत होते. त्यांनी यंत्राकडे बघितलं. यंत्रातून वर डोकावत होता हसरा मासा.

"सापडली," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्या आनंदात मिवाकोनं मला उपसलं आणि नखानं लेबलाची कड उचलून फर्रकन ओढली. ते लेबल दोन मिनिटांत पकडतं आणि मग जन्मभर सोडत नाही, हे सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक होतं. माशाचं डोकं तिच्या हातात आलं. शेपटी माझ्या अंगावर राहिली.

टाळ्या थांबल्या. मिवाको हातातल्या डोक्याकडे बघत राहिली. "मी काय केलं हे?" ती म्हणाली. "मी काय केलं?"

एरवी लेबल फाटणं ही मोठी गोष्ट नव्हती. फाटलेले तुकडे कागदावर चिकटवून दाखवले की कुरातासान बदली लेबल देत. पण या लेबलाचा अर्धा तुकडा ताऱ्यांच्या कॅसेटवर होता. ते बघितलं की दोन खेळ एका घरात होते हे शेंबडं पोरही सांगेल. घड्याळात अडीच वाजले होते.

आता प्रत्येकीला काही ना काही सुचायला लागलं. एक म्हणाली, मोजण्यात एक चुकली म्हणू. मिवाको म्हणाली, मोजण्यात चुकली म्हणजे चोरली, ते आणखी वाईट. दुसरी म्हणाली, शेपटीवर ताऱ्याचं लेबल लावा आणि तळाशी घाला. मागचा कागद न काढता नुसतं वर दाबून बघितलं तर खालची शेपटी ढेकळासारखी वर आली. योशिहारूसान आता अंगात जाड डगला घालून बसले होते, ते म्हणाले, "तशीच जाऊ दे की. कुणीतरी पोरगं विकत घेईल, मासे पकडायला बसेल आणि तारे निघतील. खूष होईल!"

"आणि तळं हवं असेल त्याला तर?" नोबुएसान म्हणाल्या.

"तळं कुणाला हवं असतं?" आजी म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

नोबुएसाननी मला हातात घेतलं. त्यांचे हात गार पडले होते. "मी सांगते त्यांना," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात झालं, मी सांगते. तुमचं कुणाचं काम जाऊ देऊ नका म्हणून पाया पडते. पण गेलं तर..." बावीस नंबरच्या जिन्यातल्या बायका सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे होत्या.

मला वाटलं, आता कुणीतरी त्यांना अडवेल. किंवा कुणीतरी चिडेल. आठ घरांची चूल त्या कामावर थोडीफार चालत होती, चिडणं साहजिक होतं. त्सुरु आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"लेबल फाडलं मिवाकोनं. चहा प्यायले मी. यंत्र कात्सुकोचं. एकटीनं काय सांगतेस?" त्या म्हणाल्या. "चला, खोकी खाली घ्या. योशिहारू, नुसता बसू नकोस, उचल."

बरोबर तीनला गाडी आली. कुरातासान पेन्सिल कानामागे लावून जिना चढून आले, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना काय दिसलं? अॅप्रन घातलेल्या सात बायका आणि डगल्याखाली लांब चड्डी घातलेला एक पुरुष, सगळे कमरेत वाकलेले. कुणीच मान वर करत नाही. कुरातासानचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

नोबुएसाननी मला दोन्ही हातांनी पुढे केलं आणि सगळं सांगितलं. सचिएचं खोकं, फोन, लेबल, काही लपवलं नाही. कुरातासान ऐकत राहिले. मग त्यांनी मला घेतलं, उलटंपालटं करून शेपटी बघितली आणि कानामागची पेन्सिल काढली.

"चुकीचं लेबल असं मी लिहिलं," ते म्हणाले, "तर कारखान्यातले लोक तुमचाच काय, माझ्या सहाही वसाहतींचा माल उघडतील. महिनाभर कुणालाच काम नाही. फुटली असं लिहिलं, तर कुणी विचारतसुद्धा नाही. महिन्याला दोनचार फुटतातच."

"मग तसंच लिहा ना!" मिवाको म्हणाली.

"फुटलेली नाही ही." कुरातासान तिच्याकडे बघून म्हणाले. "अकरा वर्षांत मी कागदावर खोटं लिहिलेलं नाही."

त्यांनी परत माझ्याकडे बघितलं. मग जिन्याच्या कठड्यापाशी गेले, हात पायऱ्यांवर धरला आणि मला सोडून दिलं.

मित्रांनो! मी अवकाशात लढणारी, पण खरं पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पहिली पायरी, तिसरी, सातवी, भिंत, परत पायरी! खण्ण, खट्, खण्ण! माझा कोपरा उडाला, कवचाला तडा गेला आणि मी तळमजल्यावर पत्रपेट्यांखाली जाऊन थांबले. वर कुणीतरी किंचाळलं. बहुतेक योशिहारूसान.

"एक कॅसेट जिन्यावरून पडून फुटली," कुरातासान लिहिताना मोठ्यानं म्हणाले. "इथे सहीचा शिक्का मारा." नोबुएसाननी घाईनं मारलेला शिक्का वाकडा उठला. बोडक्या मासेवालीसाठी त्यांनी खिशातून बदली लेबल काढून दिलं, खोकी गाडीत भरली आणि जाताना पहिल्याच पायरीवर थांबले.

"सचिएसानला सांगा, अभिनंदन. तिचा वाटा ती येईपर्यंत तुम्हीच करा."

नोबुएसाननी मान वर केली.

"पण एका घरात एकच खेळ," कुरातासान म्हणाले. "तिच्या घरात जाऊन बसा. किल्ली असेलच तुमच्याकडे. आणि तो फुटका माल मी गाडीत घेत नाही. तुमचा तुम्ही उचला."

गाडी गेली. कात्सुकोसान पायरीवर बसून हुंदके देत होत्या, मिवाको हसत होती की रडत होती कळत नव्हतं. आजी एकेक पायरी उतरून खाली आल्या, मला उचललं, पदर नव्हता म्हणून अॅप्रननं पुसलं आणि उडालेला कोपराही शोधून काढला.

"चला वर," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे का बघू."

परत कात्सुकोसानची खोली. मला आत घातलं, बटण लावलं. पडदा काळा. मी आतून धडपडत होते, यंत्राला जोडणारी एक पट्टी टेकत नव्हती. योशिहारूसाननी मला हळूच बाहेर काढलं, मऊ कापडानं पट्ट्या पुसल्या आणि जरा दाबून बसवलं. आणि मग भोंगा वाजला, ग्रह फुटला, तारे सरकायला लागले! या वेळी कुणीही गॅस बंद करायला धावलं नाही. सगळे ओरडले.

"आधी मी," आजी म्हणाल्या. मग त्यांनी हातातलं बटणांचं चौकोनी खोकं बघितलं आणि ते नोबुएसानपुढे धरलं. "नाही. आधी तू."

"मला नाही येत, आजी. मी कधीच खेळले नाहीये."

"चार वर्षं लेबलं लावतेस ना?"

"हो. पण आत काय असतं ते बघितलंच नाही कधी."

नोबुएसान खेळायला बसल्या आणि अकरा सेकंदांत मेल्या. पहिलंच विमान येऊन आदळलं. त्यांनी तोंडावर हात घेतला आणि त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की त्यांच्या हळू आवाजात एवढं हसू होतं हे जिन्याला पहिल्यांदाच कळलं. माझ्या पोटातलं आकाश मलाही त्या दिवसापर्यंत नुसतं लढायचं ठिकाण वाटत होतं.

पुढे बरीच वर्षं मी त्या जिन्यात घरोघर फिरले. सचिएची मुलगी माझ्यावर खेळली. आजींनी तो भलामोठा किल्ला एकदा फोडलाही, आणि आठवडाभर कुणाला दुसरं काही बोलू दिलं नाही. मग नवी यंत्रं आली, मुलं मोठी झाली, लेबलांचं काम बंद झालं आणि मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेले. किती वर्षं, कोण मोजतं. मध्ये कुणीतरी मला जुन्या खेळांच्या दुकानात विकायला नेलं, तर तिथल्या माणसानं मला ओळखलंच नाही. शेपटी बघून म्हणाला, "मासेमारीचे खेळ आम्ही घेत नाही." मी मनातल्या मनात त्याला बरंच काही बोलले.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. घरात कुठल्या डब्यात माझ्यासारखी एखादी असेल तर बाहेर काढा. तिच्या पट्ट्यांवर फुंकर मारू नका, ओल लागून गंजतात. कापडानं पुसा. वरचं चित्र बघून आत काय असेल ते ठरवू नका, लावून बघा. मला जिन्यावरून टाकलं ते आठ घरांसाठी होतं, म्हणून मी त्याचं वाईट वाटून घेत नाही. पण ते एकदाच. आणि पुढे कधी कुणी आपली चूक दोन्ही हातांत धरून तुमच्यापुढे वाकलं, तर ओरडण्याआधी जरा थांबा. तिथवर यायला त्या माणसाला किती जड गेलं असेल, ते मी त्या गार हातांत राहून अनुभवलं आहे.